नारळ कुठल्या हातात धरू?

प्रिय ताई,

आम्ही डोंबिवलीत राहतो. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत पाचव्या मजल्यावर एक तरुण राहायला आला. पूर्ण अंध आहे. बँकेत नोकरी करतो, एकटा लोकलने फोर्टला जातो-येतो, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतो. मला त्याचं इतकं कौतुक वाटतं की सांगता सोय नाही. माझा मुलगा नववीत आहे. पहिल्या चाचणीत गणितात चाळीसपैकी अकरा. मी त्याला नेहमी म्हणते, 'त्या दादाकडे बघ. डोळे नाहीत तरी कुठे पोचला. तुला देवाने सगळं दिलंय, तुला काय धाड भरलीय?' अशा लोकांचे व्हिडिओही मी त्याला रोज पाठवते. यंदा गणपतीत मुलांसाठी त्या तरुणाचं प्रेरणादायी भाषण ठेवावं असं मी कमिटीत सुचवलं, सगळ्यांना पटलं. हौसेने विचारायला गेले तर तो हसून म्हणाला, 'काकू, मी मुलांना काय सांगणार? मी कर्ज विभागात आहे. गृहकर्जाबद्दल बोलायचं असेल तर येतो.' मला फार लागलं. घरी सांगितलं तर मुलगा म्हणाला, 'बरं झालं.' हाच मुलगा आठवड्यातून दोनदा त्याच्याकडे बुद्धिबळ खेळायला जातो! अशा माणसांकडून प्रेरणा घेणं चूक आहे का? माझं काय चुकलं?

— एक आई, डोंबिवली

नमस्कार.

गृहकर्जाचं वाचून मी मोठ्याने हसले. तुम्हाला लागलंय हे कळत असूनही हसले, त्याबद्दल आधी क्षमा मागते. पण का हसले तेही सांगते.

जुन्या वाचकांना ठाऊक आहे, नव्यांसाठी पुन्हा: मला दीड वर्षाची असताना पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराच्या सळ्या-पट्टे, काखेत दोन कुबड्या आणि त्यांच्यासकट एकतीस वर्षं ठाणे ते मुंबई नोकरी. आता निवृत्त. तर एका ३ डिसेंबरला, म्हणजे जागतिक अपंग दिनाला, एका संस्थेने माझा सत्कार ठेवला. स्टेजला सात पायऱ्या, कठडा नाही. दोन कार्यकर्त्यांनी मला खुर्चीसकट उचलून वर नेलं, रुखवताचं सामान नेतात तसं. पाहुण्यांनी शाल घातली, ती घसरून कुबडीत अडकली. मग नारळ पुढे आला. माझ्या उजव्या हातात कुबडी, डाव्या हातात कुबडी. नारळ घेऊ कशात? पाहुणे नारळ धरून थांबले, मी कुबड्या धरून थांबले, फोटोग्राफर 'मॅडम, इकडे बघा' म्हणत थांबला. शेवटी निवेदिकेने माझ्या वतीने तो स्वीकारला. भाषणात पाहुणे म्हणाले, 'ताईंकडे पाहिलं की आपली दुःखं किती क्षुल्लक आहेत ते कळतं.' टाळ्या पडल्या. मी मनात म्हटलं, बाबा रे, माझं इतकं वाईट चाललंय हे मला आजच कळतंय.

मी नोकरीत काय करत होते, हे त्या दीड तासात कुणी विचारलं नाही. मी हिशेब तपासायचे. माझ्या टेबलावरून खोटं बिल सहसा सुटायचं नाही, आणि या एका गोष्टीचा मला खरोखर गर्व आहे. त्यावर कुणी टाळ्या वाजवल्या असत्या तर कुबड्या टाकून नारळ धरला असता.

तुमच्या शेजाऱ्याने तुम्हाला झिडकारलेलं नाही. आपल्याला काय येतं ते त्याने तुम्हाला सांगितलं, आणि त्यावर बोलायची तयारीही दाखवली. तुम्हाला ते नको होतं.

ऑस्ट्रेलियात स्टेला यंग नावाची पत्रकार आणि विनोदी कलाकार होती. हाडं ठिसूळ असण्याचा जन्मजात विकार, सदैव व्हीलचेअरवर. २०१४ मध्ये, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेली. पंधरा वर्षांची असताना गावातल्या कुणीतरी तिच्या आईवडिलांना विचारलं, हिला कर्तबगारीचा पुरस्कार द्यायचा आहे. ते म्हणाले, छान आहे, पण तिने काही केलेलं नाही हो! ती शाळेत जात होती, मैत्रिणींशी गप्पा मारत होती, टीव्ही बघत होती. पुढे ती मेलबर्नच्या एका शाळेत शिकवायला लागली. एकदा अकरावीच्या वर्गात कायद्याचा तास चालू होता. वीसेक मिनिटं झाल्यावर एका मुलाने हात वर केला: मिस, तुम्ही भाषण कधी सुरू करणार? कारण तोवर शाळेत व्हीलचेअरवरून आलेलं प्रत्येक माणूस प्रेरणादायी भाषणच देऊन गेलं होतं. ही बाई शिकवायला आली आहे, असं त्या पोराच्या डोक्यातच येईना.

'हात नाहीत तरी चित्र काढतो, मग तुमची सबब काय?' अशा फोटोंना स्टेलाने जो शब्द वापरला तो अश्लीलतेच्या घरातला आहे. तिचं म्हणणं असं की इथे काही माणसांना वस्तू केलं जातं, आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडे बघून बरं वाटून घ्यायचं असतं. शब्द कडक आहे. पण माझ्या फोनवर सकाळी 'सुप्रभात'च्या पाठोपाठ असे तीन-चार व्हिडिओ येऊन पडतात, तेव्हा मला तो फार कडक वाटत नाही. तुमच्या मुलाला ते रोज येतात. पाठवायचे थांबवा, एवढंच त्याबद्दल.

आता तुमचं वाक्य घेऊ. 'डोळे नाहीत तरी कुठे पोचला.' त्यातला 'तरी' जरा बाजूला काढून ठेवा. काय उरतं? बँकेत आहे. लोकलने जातो. स्वयंपाक करतो. अहो, हे डोंबिवलीत कोण करत नाही? त्या 'तरी'त तुमच्या मनातलं सगळं आलं, की अंध माणसाने खरं म्हणजे घरात बसायचं, आणि तो बसला नाही म्हणून थोर. तुम्ही हे चांगल्या मनाने म्हणता. ऐकणाऱ्याला मात्र पहिला अर्धा भागच ऐकू येतो.

तुमच्या मुलालाही दुसरंच काहीतरी ऐकू येतं. त्याला गणितात अकरा मार्क मिळाले, आणि आई म्हणते तुला दुःखी व्हायचाच हक्क नाही, कारण तुला डोळे आहेत. नववीच्या बीजगणितात संच आहेत, वास्तव संख्या आहेत, बहुपदी आहेत. त्याचं नेमकं कुठे घोडं अडलंय हे त्याच्याजवळ बसून विचारा. ते शेजाऱ्याच्या डोळ्यांशी संबंधित नाही. त्याचं 'बरं झालं' मला उद्धट वाटलं नाही. आपल्या मित्राला आईने स्टेजवर बसवू नये, असं त्याला वाटलं असणार. चौदाव्या वर्षी पोराला एवढं कळतं याचं मला कौतुक आहे.

आणि तो बुद्धिबळ खेळायला जातो, तिथे काय चालतं ते तुम्ही कधी पाहिलंय का? नसेल तर मी सांगते. आमच्या डब्यात एक अंध सहप्रवासी पट घेऊन यायचे, त्यामुळे मला तो चांगला ठाऊक आहे. त्या पटावर काळी घरं पांढऱ्यांपेक्षा किंचित उंच असतात. प्रत्येक घराला मधोमध भोक, सोंगट्यांना खाली खुंटी, आणि एका रंगाच्या सोंगट्यांच्या डोक्यावर बारीकसं टोक, म्हणजे बोट लागलं की कुणाचा घोडा ते कळतं. दोघांनी आपली खेळी मोठ्याने बोलायची. उभ्या पट्ट्यांना ए, बी, सी म्हटलं तर बी आणि डी आणि ई कानाला सारखेच वाटतात. म्हणून त्यांना नावं दिली आहेत: अॅना, बेला, सीझर, डेव्हिड, इव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर. जगभर हीच. आपल्यात नियम आहे, सोंगटीला हात लागला की ती चालावीच लागते. यांचं तसं कसं चालेल? यांना तर हाताने चाचपूनच पट बघायचा. म्हणून नियम असा की सोंगटी भोकातून उपसली, की हात लागला असं धरायचं. किती नेमका विचार आहे बघा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मुलुंड ते दादर मी दुसरं काही बोलले नव्हते.

प्रेरणा घेणं चूक आहे का, असं तुम्ही विचारलंत. अजिबात नाही. मी स्वतः भरपूर घेतली आहे. पण ती अशा जागी सापडते. दिसत नाही, चालता येत नाही, या गोष्टीत घेण्यासारखं काही नाही हो, ते नुसतं आहे. घेण्यासारखं असतं ते कसब.

तो तरुण डोंबिवलीच्या फलाटावर आपला डबा कसा शोधत असेल? दिव्यांग डबा जिथे येऊन थांबतो तिथे एक टुक-टुक आवाज चालू असतो. रोज हजारो माणसं तो ऐकतात आणि कसला ते बहुतेकांना माहीत नसतं. तो त्या आवाजाच्या रोखाने जातो. (जाता जाता: २०१५च्या डिसेंबरात आमचं नाव 'दिव्यांग' झालं आणि हळूहळू सगळीकडच्या पाट्या बदलल्या. फलाट आणि डबा यांच्यामधली फट होती तेवढीच आहे. मी अजून स्वतःला अपंगच म्हणते, सवय म्हणा.) खिशातली नोट कितीची हे तो कसं ओळखत असेल? आपली शंभराची नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०. चार-चार मिलिमीटरचा फरक. कडेला उठावाच्या तिरप्या रेघा असतात, शंभराला चार, पाचशेला पाच. पण नोट वापरून वापरून गुळगुळीत झाली की त्या लागत नाहीत. मग अंध माणसं नोट बोटांत धरून मापतात. आणि पडद्यावरचं वाचून दाखवताना त्याचा फोन बोलतो, तो ऐकलात तर तुम्हाला वाटेल परदेशी भाषा आहे. सरावलेले लोक तो आवाज इतका जलद ठेवतात की आपल्याला एक शब्द कळू नये. कॉम्प्युटरसाठी असा पडदा वाचून दाखवणारा एनव्हीडीए नावाचा एक फुकट प्रोग्राम आहे, तो २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने सुरू केला आणि त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. त्यांना कुणी भाषणाला बोलावलं असेल-नसेल, पण आज आपल्याकडची कितीतरी अंध माणसं त्याच्या जोरावर नोकऱ्या करत आहेत.

माझी प्रेरणाही सांगते. नोकरीला लागले तेव्हा ठाण्याला गर्दीच्या लोकलमध्ये चढणं मला जमत नसे. तीन-तीन गाड्या सोडायचे आणि रडकुंडीला यायचे. एक दिवस माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, दोन्ही पायांना कॅलिपर असलेली एक बाई डब्याच्या दारातून ओरडली, 'अगं, आधी कुबड्या आत फेक! मग दांडा धर आणि ढुंगण टेकव!' आणि फलाटावर मदतीला धावलेल्या माणसाला म्हणाली, 'ओ दादा, काखेत हात घालू नका, तिचा तोल जाईल.' मी कुबड्या फेकल्या, दांडा धरला, टेकले आणि सरकून आत गेले. त्या दिवसापासून तीस वर्षं तशीच चढले. तिने मला धीर धर, जिद्द सोडू नकोस, असलं काही सांगितलं नाही.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचंही थोडंफार असंच आहे. कॉलेजच्या वयात कमरेखालचं अंग लुळं पडलं, जगणं नकोसं झालं. तेव्हा त्यांना बाबूकाका दिवाण भेटले, तेही व्हीलचेअरवरचे, आणि उद्योग सांभाळणारे. अशा अवस्थेतला माणूस कामधंदा करतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढे नसीमादीदींनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी केली, वसतिगृह काढलं, शाळा काढली, सिंधुदुर्गात काजूचा कारखाना चालवला. ज्याला वाट हवी आहे त्याला ती आधी चालून गेलेल्याने दाखवणं, हा प्रेरणेचा माझ्या मते सर्वांत खरा प्रकार. डोळस मुलाला गणितासाठी अंध माणूस दाखवणं हा त्यात बसत नाही.

आणखी एक बाजू आहे, तिच्यावर मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. तुमच्यापासून चार स्टेशनांवर उल्हासनगर. तिथल्या प्रांजल पाटील. सहाव्या वर्षी दृष्टी गेली, दादरच्या अंध मुलींच्या शाळेत शिकल्या, मग झेवियर्स, मग जेएनयू. त्यांची गोष्ट तुमच्या व्हिडिओंमध्ये नक्की असणार, व्हायोलिनसकट. पण ती नीट ऐका. २०१६ साली त्या लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाल्या, क्रमांक ७७३. रेल्वेच्या लेखा सेवेत नेमणूक मिळण्याची वेळ आली तेव्हा पूर्ण अंध आहेत म्हणून त्यांना नाकारण्यात आलं. पुढच्या वर्षी त्यांनी १२४वा क्रमांक मिळवला आणि आयएएस झाल्या. व्हिडिओ सांगतो, अंधत्वावर मात केली. माझ्या वाचनात त्यांनी मात केली ती एका कार्यालयावर. परीक्षा तर त्या आधीच पास झाल्या होत्या, त्याच डोळ्यांनी.

मुरलीकांत पेटकरांचं घ्या. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचा मुष्टियोद्धा फौजी, १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, आणि १९७२ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहण्याचं सुवर्णपदक. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण. इथवर सगळे सांगतात. त्यानंतर त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं आणि अर्जुन पुरस्कार हातात पडायला २०२५. तोवर ते ऐंशीच्या घरात. मधली वर्षं गोष्टीतून गाळली की गोष्ट गोड होते. जिद्द एकट्याची, दिरंगाई कुणाचीच नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये चित्रपटांतल्या अपंग पात्रांबद्दल एक निकाल दिला, त्यात हेच आहे: टिंगल करू नका, आणि अचाट शक्तीचे महामानवही करू नका. मधलं काहीतरी दाखवा. मधलं म्हणजे तुमचा शेजारी. कर्ज विभागात बसणारा, रविवारी उशिरा उठणारा, कदाचित बायको शोधणारा, कदाचित भाजी करपवणारा. पुरेपूर जगणं म्हणतात ते यालाच, आणि त्यात आळसही येतो, चिडचिडही येते. प्रेरणास्थान झालं की माणसाला चिडायची सोय उरत नाही. सकाळी कॅलिपरचा पट्टा तुटला की मी जे शब्द उच्चारते ते ऐकून सत्कारवाल्यांनी शाल परत मागितली असती.

काही अपंग माणसांना भाषण करायला आवडतं, ती उत्तम बोलतात, त्याचं मानधनही घेतात. त्यांना जरूर बोलवा, मानधन देऊन. याला नको आहे. विषय संपला.

आता तुमचं आणि त्याचं. मोदकांचं ताट घेऊन माफी मागायला जाऊ नका, तो बिचारा आणखी अवघडेल. लिफ्टमध्ये भेटलात की आधी आपलं नाव सांगा: 'मी तिसऱ्या मजल्यावरची अमकी.' आवाजावरून त्याने ओळखावं अशी अपेक्षा नको. आणि 'ओळख पाहू मी कोण?' हा खेळ तुमच्या सोसायटीत कुणी त्याच्याशी खेळत असेल तर कृपा करून बंद करा. शंभर बिऱ्हाडांतली शंभर माणसं रोज ही परीक्षा घेतात. रस्ता ओलांडताना त्याचा दंड धरून ओढायचं नाही. मदत हवी का ते विचारायचं, हो म्हणाला तर आपलं कोपर पुढे करायचं. तो कोपराच्या वर धरेल आणि अर्धं पाऊल मागून चालेल. मुलाला हे येत असणार, त्याच्याकडून शिका. जमलं तर अॅना-बेलाही शिका. घोडा अडीच घरं कसा उडतो ते माहीत नसलं तरी चालेल, शिकवणारा घरातच आहे.

गणपतीत मुलांसाठी काही करायचंच असेल तर बुद्धिबळाची स्पर्धा ठेवा आणि त्याला इतरांसारखाच प्रवेश अर्ज द्या. हरला तर हरू द्या. मोठ्यांसाठी एका संध्याकाळी गृहकर्जावर त्याला बोलवा. मी चेष्टा करत नाही. व्याजदर बदलला की हप्ता वाढतो की मुदत, हे तुमच्या सोसायटीत किती जणांना सांगता येईल? मला येतं, पण मी हिशेबातली.

आणि कमिटीत तुमचं वजन आहे असं दिसतं, म्हणून एक काम. सोसायटीच्या ग्रुपवर नोटिसा कशा पडतात? बहुतेक ठिकाणी सेक्रेटरी लेटरहेडवर टाइप करतात, सही-शिक्का मारतात आणि कागदाचा फोटो टाकतात. त्याचा फोन बऱ्याचदा त्या फोटोवर येऊन 'इमेज' एवढंच म्हणतो आणि पुढे जातो. पाणी कधी जाणार, लिफ्ट कधी बंद, हे त्याला कुणाला तरी विचारत बसावं लागत असेल. आणि मांडव. दरवर्षी गेटपाशी घालता ना? तो त्या वाटेने काठी टेकत, पावलं मोजत जातो. एका रात्रीत तिथे बांबू उभे राहतात, गुडघ्याच्या उंचीवर सुतळ्या बांधल्या जातात, वायरी जमिनीवरून सोडल्या जातात. काठी जमिनीवरचं सांगते, कपाळाच्या उंचीवरच्या आडव्या बांबूचं नाही. यंदा बांबू कोणत्या दिवशी रोवणार आणि जायला वाट कुठून ठेवणार, ते मंडपवाल्याशी बोलून ठरवा आणि त्याला आधी कळवा. टाइप करून. फोटो नको.

— तुमची ताई